किती ठेवता, किती दिवस?

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. सरकारी आरोग्यव्यवस्थाही तिच्याकडे रुग्ण पाठवायची. 2020च्या ऑक्टोबरमध्ये तिथे उपचार घेतलेल्या हजारो लोकांना एक ईमेल आला. तुमचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि थेरपिस्टने लिहून ठेवलेल्या नोंदी माझ्याकडे आहेत. 24 तासांत 200 युरो बिटकॉइनमध्ये भरा, उशीर केलात तर 500, आणि तेही नाही भरले तर सगळं उघड करीन. त्याआधी या माणसाने कंपनीकडेच 40 बिटकॉइन मागितले होते. ते मिळेनात म्हणून त्याने रोज शंभर रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती. एकूण सुमारे 33 हजार माणसं यात सापडली. जोडीदारालाही न सांगितलेलं, आईवडिलांपासून लपवलेलं, एका बंद खोलीत कसंबसं बोललेलं असं सगळं त्या नोंदींत होतं. काही नोंदी लहान मुलांच्या होत्या.

चौकशीत कळलं की डेटाबेसचं दार इंटरनेटच्या बाजूने दीड वर्षाच्या आसपास उघडं होतं आणि त्याच्या सर्वाधिकार असलेल्या खात्याला पासवर्डच नव्हता. कंपनी 2021मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी तिला 6 लाख 8 हजार युरोंचा दंड झाला. आरोपी फ्रान्समध्ये पकडला गेला आणि 2024मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. हे सगळं घडलं युरोपात, जिथला माहिती संरक्षणाचा कायदा जगात कडक मानला जातो.

या प्रकरणाचा विचार करताना मला सारखे ते थेरपिस्ट आठवतात. रुग्णांनी विश्वास टाकला तो त्यांच्यावर, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो पाळलाही असणार. पण लिहिलेली नोंद त्यांच्या हातात राहिली नाही. ज्या यंत्रात ती गेली ते ना रुग्णाने पाहिलं होतं, ना थेरपिस्टने. आपला विश्वास माणसावर असतो आणि माहिती राहते भलतीकडेच. म्हणून ‘ही कंपनी विश्वासू आहे का?’ हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. तुम्ही माझ्याबद्दल काय काय ठेवता आणि किती दिवस ठेवता, हे विचारायला हवं. त्या नोंदी नाव-पत्त्यापासून वेगळ्या ठेवल्या असत्या, किंवा जुन्या नोंदी वेळच्या वेळी तिथून हलवल्या असत्या, तर त्याच चोराच्या हाती कितीतरी कमी लागलं असतं.

‘किती दिवस’ला आणखी एक बाजू आहे, ती आपल्या सहसा लक्षात येत नाही. कंपनी आपल्याआधी संपू शकते. अमेरिकेतली ट्वेंटीथ्री-अँड-मी ही कंपनी लोकांची लाळ तपासून त्यांच्या पूर्वजांची आणि आजारांच्या शक्यतांची माहिती द्यायची. 2023मध्ये तिच्याकडच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चोरांनी प्रत्यक्षात फोडली होती चौदा हजारांच्या आसपास खाती, तीही लोकांनी दुसरीकडे वापरलेलेच पासवर्ड लावून; बाकीचे त्यांचे नातेवाईक म्हणून ओघाने उघडे पडले. मार्च 2025मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती लिलावातली मालमत्ता झाली. शेवटी ती संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने 30 कोटी 50 लाख डॉलरना घेतली. दुसरा कुणीही घेऊ शकला असता. पासवर्ड बदलता येतो, बँकेचं खातं बंद करता येतं. जनुकं बदलता येत नाहीत, आणि ती आपल्या एकट्याची नसतात. ज्या चुलतभावाने कधी लाळ दिली नाही त्याचीही ती असतात.

हे परदेशातलं झालं. आपल्याकडे माहिती साठते ती बऱ्याचदा कंपनीपेक्षाही जवळच्या जागी. घराचा भाडेकरार घ्या. एजंट घरी येतो, छोट्या यंत्रावर अंगठा घेतो आणि तासाभरात काम होतं. सोय खरंच मोठी आहे. पण त्याआधी मालक, भाडेकरू आणि साक्षीदार या सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेली असतात. करार अकरा महिन्यांचा. कार्डांचे फोटो त्याच्या गॅलरीत वर्षानुवर्षं, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण पोचल्यावर तो समोरच्याच्या फोनइतकाच सुरक्षित. तो फोन हरवतो, दुरुस्तीला जातो, विकला जातो. धंद्याच्या कागदांचं तेच. छोट्या कारखानदाराचं बँक स्टेटमेंट, कामगारांचे पगार, जीएसटीचा युजरनेम आणि पासवर्डसुद्धा कर सल्लागाराच्या ऑफिसात एकाच ग्रुपवर पडलेलं असतं. सल्लागार सचोटीचा असतो. त्याचं ऑफिस सोडून गेलेला मुलगा अजून त्या ग्रुपवर असतो.

इथे आपल्या हातात काहीतरी आहे. आधारच्या संकेतस्थळावर मास्क्ड आधार मिळतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. हॉटेलवाल्याला, कुरियरवाल्याला एवढं पुरायला हवं. आणि काम झाल्यावर ‘आता फोटो काढून टाका’ असं एजंटाला सांगायला आपण संकोचू नये. हा त्याच्यावर अविश्वास नाही.

कायद्याबद्दल मात्र माझी मोठी तक्रार आहे. 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम 2025च्या नोव्हेंबरमध्ये आले. काम संपल्यावर माहिती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे आणि ते मोलाचं आहे. सुरक्षेत कसूर करणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 43अ कलमाखाली कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय केलेली होती. ते कलम वगळण्याची तरतूद याच नव्या कायद्याने केली. ज्या बाईच्या उपचारांची फाइल गावभर झाली तिने मग कुणाकडे जायचं? हे कलम, किंवा त्याहून चांगलं एखादं, कायद्यात असलंच पाहिजे, आणि त्यासाठी संसदेला मोठा खर्च येणार नाही.

आणि आपण स्वतःही आता माहिती साठवणारे झालो आहोत, क्लासवाले, लॅबवाले, सोसायट्या. आमच्या सोसायटीच्या गेटवर अ‍ॅप आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो आणि नंबर त्यात जातो. धुणंभांडी करायला येणाऱ्या बायकांच्या आत-बाहेरच्या वेळा रोज मिनिटागणिक नोंदल्या जातात. त्या नोंदी कोण पाहतं, कुठे साठतात, हे त्या बायकांना कुणी सांगितलेलं नाही आणि विचारलेलंही नाही. वार्षिक सभेसाठी मी सेक्रेटरींना दोन विषय लेखी दिले आहेत: पाहुण्यांच्या नोंदी तीस दिवसांनी पुसायच्या, आणि कामाला येणाऱ्यांची कोणती माहिती किती काळ ठेवली जाते ते अ‍ॅपच्या कंपनीकडून लेखी घेऊन गेटवर मराठीत लावायचं.