विश्लेषण : फिफ्थ व्हील की ट्रॅव्हल ट्रेलर? अमेरिकेतील ‘ओढत्या घरा’चे गणित कुठे चुकते?

करोनाकाळात अमेरिकेत घरच गाडीमागे जोडून फिरण्याची लाट आली. लाट ओसरली, पण या ‘आरव्ही’ अर्थात चाकांवरच्या घरांची बाजारपेठ अजूनही मोठी आहे. खरेदीदारापुढे पहिला पेच असतो तो ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा की फिफ्थ व्हील, हा. वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यात कुटुंबाची सुरक्षितता आणि वर्षानुवर्षांचे कर्ज पणाला लागलेले असते.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

‘आरव्ही इंडस्ट्री असोसिएशन’च्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये उत्पादकांनी विक्रमी सहा लाख आरव्ही विक्रेत्यांकडे पाठवल्या. २०२३ मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजारांवर घसरला, तर २०२४ मध्ये ३ लाख ३३ हजारांपर्यंत सावरला. घसरणीमागे वाढलेल्या व्याजदरांचा मोठा वाटा होता. त्यानंतर २०२५ मध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील आयातशुल्क आधी २५ आणि मग ५० टक्के झाले. आरव्हीच्या सांगाड्यात आणि अनेकदा बाह्य आवरणातही हेच धातू वापरतात. दुसरीकडे, लाटेत घेतलेल्या अनेक गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आहेत. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून घाईने घेण्याचा मोह मोठा आहे.

दोन्हींत मूळ फरक काय?

दोन्हींना स्वतःचे इंजिन नसते. फरक आहे तो जोडणीच्या जागेत. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या टोकाला, बंपरखालच्या लोखंडी गोळ्याला अडकवतात. ऊस वाहणारी ट्रॉली ट्रॅक्टरमागे जोडतात, तसाच हा प्रकार. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग उंच असतो आणि तो पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर बसवलेल्या जोडावर टेकतो. उरणच्या जेएनपीए (पूर्वीचे जेएनपीटी) बंदरातून निघणाऱ्या कंटेनरच्या लांबलचक गाड्यांची जोडणी याच तत्त्वावर असते. घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी आडवे चाक बसवत, तेच हे ‘पाचवे चाक’. नाव तिथूनच आले.

रस्त्यावर कोणते अधिक स्थिर?

इथे फिफ्थ व्हील सरस ठरते. ट्रॅव्हल ट्रेलरचा जोड ट्रकच्या मागच्या आसापासून काही फूट मागे असतो. हे अंतर तरफेसारखे काम करते. बाजूने जोराचा वारा आला किंवा मोठा ट्रक वेगाने पुढे गेला, की ट्रेलर हेलकावू लागतो आणि पुढच्या गाडीचे शेपूटही हलवतो. मागच्या भागात जास्त सामान भरले तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर यावा, असा दंडक आहे. वजन विभागणारा आणि हेलकावे रोखणारा खास जोड बसवला तर बराच फरक पडतो. फिफ्थ व्हीलचा भार थेट आसावर येत असल्याने हा त्रास कमी होतो. मात्र ते वळणावर आतल्या बाजूने कापत जाते, शिवाय त्याची उंची १३ फुटांच्या आसपास असते. ठेंगणे पूल आणि झाडांच्या फांद्या यांवर लक्ष ठेवावेच लागते.

राहण्यासाठी कोणते सोयीचे?

वर्षभर किंवा महिनोन् महिने राहायचे असेल तर फिफ्थ व्हीलमध्ये उंच छत, मोठे स्वयंपाकघर आणि सामानासाठी प्रशस्त कप्पे मिळतात. पुढचा भाग ट्रकवर येत असल्याने तेवढ्याच जागेसाठी एकूण लांबीही कमी भरते. पण शयनकक्ष बहुधा त्या उंच भागात असतो आणि आत दोन-चार पायऱ्या चढाव्या लागतात. सुट्टीत भारतातून आलेले आई-वडील सोबत असतील आणि गुडघे कुरकुरत असतील, तर ही बाब किरकोळ राहत नाही. ट्रॅव्हल ट्रेलर बहुतेक एकाच पातळीवर असतो, लहान आकारातही मिळतो आणि एसयूव्हीलाही जोडता येतो. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रकचा हौदा सायकली, लाकूडफाटा यांसाठी मोकळा राहतो. फिफ्थ व्हीलला मात्र पिकअप ट्रकच लागतो आणि हौद्यातली जागा जोडच अडवतो.

मग गणित चुकते कुठे?

जाहिरातीत ट्रक किती वजन ‘ओढू’ शकतो, हे ठळक असते. खरी मर्यादा बहुतेकदा तो किती वजन ‘अंगावर घेऊ’ शकतो, ही असते. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या चिकटपट्टीवर असतो. त्यात माणसे, सामान आणि जोडावर येणारा भार, सगळे धरायचे असते.

उदाहरणार्थ, एका ट्रकची ओढण्याची क्षमता ११ हजार पौंड आणि अंगावरची क्षमता १,६०० पौंड (सुमारे ७२५ किलो) आहे. भरलेला ट्रॅव्हल ट्रेलर ७ हजार पौंडांचा. १२ टक्क्यांनी जोडावर ८४० पौंड आले. चौघांचे कुटुंब ६००, सामान २०० आणि जोड ८० पौंड. बेरीज १,७२०. म्हणजे ओढण्याची क्षमता चार हजार पौंड शिल्लक असतानाही ट्रक मर्यादेबाहेर गेला.

फिफ्थ व्हीलमध्ये जोडावर १५ ते २५ टक्के भार येतो. १२ हजार पौंडांच्या घराचा २० टक्क्यांनी २,४०० पौंड भार, वर तेच कुटुंब, सामान आणि अधिक जड जोड धरला तर आकडा ३,३०० च्या पुढे जातो. त्यासाठी अमेरिकेत ‘एक टन’ वर्गातला दणकट ट्रकच घ्यावा लागतो. माहितीपत्रकातले वजन रिकाम्या घराचे असते, ही आणखी एक मेख. पाणी, गॅस, भांडीकुंडी धरून कमाल वजनावरच हिशेब करायला हवा.

पैसे आणि परवान्याचे काय?

आरव्हीचे कर्ज १० ते २० वर्षांचे असू शकते, पण तिची किंमत जमिनीवरच्या घरासारखी वाढत नाही. उलट पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने घसरते. त्यामुळे विकताना आलेल्या पैशांपेक्षा कर्जच जास्त, अशी वेळ येते. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल तर करासाठी तिला दुसरे घर मानून व्याजावर वजावट मिळू शकते, पण ती सविस्तर वजावटी दाखवणाऱ्यांनाच. परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १० हजार पौंडांहून जड ट्रेलर ओढायला साधा परवाना पुरत नाही.

निवड कशी करावी?

आधी ट्रक घरी असेल तर त्याच्या दारावरचा आकडा पाहून घर निवडावे. ट्रकही घ्यायचा असेल तर आधी घर ठरवावे आणि मग त्याला पेलणारा ट्रक. वर्षातून दोन-तीन आठवडे फिरणाऱ्यांना, एसयूव्ही असणाऱ्यांना ट्रॅव्हल ट्रेलर पुरतो. लांबचा प्रवास, दीर्घ मुक्काम आणि दणकट ट्रक ही तिन्ही असतील तरच फिफ्थ व्हीलचा जादा खर्च सार्थकी लागतो. निर्णय होत नसेल तर आठवडाभर भाड्याने घेऊन पाहणे हा सर्वांत स्वस्त धडा ठरतो.

भारतात हा प्रश्न येईल का?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्याच वर्षी केरळनेही तशी योजना जाहीर केली. मात्र इथे दिसणारी कॅरॅव्हॅन बहुधा बस किंवा व्हॅनवर बांधलेली, स्वतःचे इंजिन असलेली असते. घाटरस्ते, अरुंद गल्ल्या आणि मोठ्या पिकअप ट्रकचा अभाव पाहता फिफ्थ व्हील इथे रुळणे अवघड आहे. लहान ट्रेलरला मात्र वाव आहे. तेव्हाही पहिला प्रश्न हाच असेल, की गाडी किती ओढते यापेक्षा ती अंगावर किती पेलते?