पट्टीत उरलेल्या गोळ्या

अब्बांची औषधं मी महिन्याची एकदम आणते. मागच्या महिन्यात नवीन आणायला निघाले आणि सहज जुन्या पट्ट्या मोजल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या संपत आलेल्या, कोलेस्टेरॉलच्या मात्र २१ जास्त! मी शाळेत भाषा शिकवते, गणित नाही. पण एवढी वजाबाकी मलाही जमते. तीन आठवडे अब्बांनी ती गोळी घेतलीच नव्हती.

आधी म्हणाले, "राहून गेल्या असतील." मग हळूच म्हणाले, "बेटा, मांड्या इतक्या भरून यायच्या की सजद्यातून उठवत नव्हतं. गोळी सोडली आणि पाय मोकळे झाले."

दोन महिन्यांपासून ते खुर्चीवर नमाज पढत होते. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं होतं. विचारलं कुणीच नाही, मीसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसलाय. अशा माणसाने ही गोळी परस्पर बंद केली तर पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो, हे मला माहीत होतं. त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. कुठे दुखतं, कधीपासून, दोन्ही पाय की एकच, असं विचारत गेले. अटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन या गटातल्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. त्यांचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं. मांड्या, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत ते येतं. एकच गुडघा दुखत असेल तर दोष गोळीचा असण्याची शक्यता कमी. अब्बांचा डोस तीन महिन्यांपूर्वीच वाढवला होता.

मग रक्त तपासलं. स्नायूंना इजा झाली तर सीपीके वाढतं, ते नॉर्मल आलं. "दुखत असतानाच आला असतात तर या तपासणीतून जास्त कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. थायरॉईडही पाहिलं, कारण ते मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि अंगही दुखतं. तेही ठीक निघालं. ड जीवनसत्त्व मात्र कमी होतं.

त्यांनी एक गोष्ट सांगितली. लंडनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर एक प्रयोग झाला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. नंतर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं.

अब्बा दुखावले. "म्हणजे मी नाटक करतोय?"

"नाही चाचा, दुखणं खरंच आहे. फक्त ते कशाने होतंय, ते शोधायचं." आणि काही जणांना ते खरोखर औषधानेच होतं, हेही त्यांनी सांगितलं.

औषध बदललं. आता रोसुवास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड, आणि जोडीला एझेटिमाइब रोज. ही योजना अब्बांची आहे, तुमच्या घरची तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. सहा आठवड्यांनी एलडीएल तपासायचं. स्टेंट असल्यामुळे ते ५५च्या खाली आणायचंय.

दोन गोष्टी मी कागदावर लिहून कपाटाला चिकटवल्या आहेत. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा हातापायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. आणि खोकल्या-तापाचं औषध मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवते, त्यामुळे डॉक्टर कुठलेही असोत, चालू गोळ्यांची यादी त्यांना आधी दाखवायची.

अब्बा आता कॅलेंडरवर खूण करतात, गोळीची निळी आणि दुखण्याची लाल. या महिन्यात लाल खुणा चारच आहेत. परवा असरच्या वेळी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली दिसली. जिना चढताना मात्र अजून कठडा धरतात.