घडी मोडलेली साडी आणि मुलांचे गेम



परवा धाकटा म्हणाला, "आई, तो गेम घे ना. मी आणि दादा थोडा थोडा खेळतो आणि दोन तास व्हायच्या आत परत करतो. पैसे मिळतात!"

नियम खरा आहे. स्टीमवर घेतलेला गेम 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि 14 दिवसांत मागणी केली, तर कोणत्याही कारणासाठी पैसे परत मिळतात. तिथे एका घरातले 6 जण फॅमिली करून एकमेकांचे गेम खेळू शकतात. पण गेम परत केला की तो सगळ्यांकडूनच जातो. आणि वापरणाऱ्याने खेळात लबाडी केली, तर बंदी ज्याचा गेम त्याच्यावरही येते.

पण नियमात बसलं म्हणजे बरोबर झालं का? घडी मोडलेली साडी आपण दुकानात परत नेत नाही. लग्नात मिरवून परत करणारीला आपण काय म्हणतो? ही सवलत गेम चालतो का, आवडतो का, हे बघायला आहे. फुकट खेळायला नाही. सवलतीचा गैरवापर दिसला तर ती बंद होऊ शकते, असं स्टीमनेही लिहून ठेवलंय.

म्हणून आमच्या घरी आता ठरलंय: ज्याच्यासाठी गेम घेतला, त्याने आधी तासभर खेळून बघायचा. ठेवायचा की नाही ते त्याच दिवशी सांगायचं. ठेवायचा ठरला, तरच दादाच्या हाती जाईल.

धाकटा दोन दिवस रुसला होता. रुसू दे. पैसे माझे वाचले असते, पण सवय त्याला लागली असती.