विजयापुरते ‘आपले’

क्रिकेट म्हणजे जनतेला पाजलेले गुंगीचे औषध, असे म्हणून खेळाचा विषय झटकून टाकण्याची सवय पुरोगामी चळवळीत जुनी आहे. परंतु लक्षावधी श्रमिक ज्या गोष्टीवर जीव टाकतात तिच्याकडे पाठ फिरवणारी चळवळ त्या श्रमिकांच्या मनाकडेही पाठ फिरवीत असते. मैदानावर जो ‘आपण’ उभा राहतो त्यात कोणाकोणाला जागा आहे, हा प्रश्न राजकीयच आहे. आणि त्याचा इतिहास मुंबईच्या मैदानांवर घडलेला आहे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. वंगभंगाविरुद्ध देश पेटलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात नमविल्याचा तो अभिमान होता. त्या विजयाचे एक प्रमुख शिल्पकार बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील डावखुरे गोलंदाज होते. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते तयार झाले. त्यांच्यावाचून गोऱ्यांना हरविणे कठीण, हे ओळखून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू खुशाल हाती घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. १९२० मध्ये त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी या अन्यायाचा निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. संघाची गरज, खेळाडूंचा संघर्ष आणि बदलते लोकमत या तिन्हींच्या रेट्याने ते दार उघडले. नुसत्या टाळ्यांनी ते उघडले नसते.

दुसरी बाजूही विसरता येणार नाही. हे सामनेच मुळी जमातवार होते. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून ‘इतर’ अशा संघांत माणसे वाटली जात. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या विभागणीला स्पष्ट विरोध केला, तरी सामने बंद व्हावयास १९४६ साल उजाडावे लागले. म्हणजे खेळातून जागणारा अभिमान स्वभावतः पुरोगामीही नसतो आणि प्रतिगामीही नसतो. त्याला वळण द्यावे लागते.

ते वळण अद्याप पुरते लागलेले नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया या दलित खेळाडूने ऑलिंपिक हॉकीतील भारतीय महिलेची पहिली हॅट्‌ट्रिक केली. ४ ऑगस्ट २०२१ रोजी भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबाला करावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून हरताच अकरांपैकी एकट्या मोहम्मद शमीच्या धर्मावर गरळ ओकली गेली. कर्णधार विराट कोहलीने त्याची जाहीर पाठराखण केली, हे त्याला भूषणावहच होय. जिंकला तर देशाचा, हरला तर जातीचा वा धर्माचा, हा हिशेब ज्या अभिमानामागे असतो त्याला राष्ट्राभिमान म्हणता येत नाही. राष्ट्र ही भागीदारी असेल, तर पराभवातही सर्वांचा वाटा सारखाच असला पाहिजे.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. गावची तालीम, वस्तीतले कबड्डीचे मैदान, तालुक्याचे क्रीडासंकुल यांत कोणाला प्रवेश आहे, मुलींना संध्याकाळी तेथे निर्धास्तपणे खेळता येते काय, मैदानाची जागा कोणा बिल्डरच्या घशात तर जात नाही ना, याचा जाब शाखाशाखांतून विचारला गेला पाहिजे. सामन्याच्या दिवशी चौकात जमणाऱ्या तरुणांत मिसळावे, त्यांच्या आनंदात सामील व्हावे. आणि त्याच चौकात एखाद्या खेळाडूची जात वा धर्म काढला गेला, तर तेथल्या तेथे ठामपणे अडवावे. बाळूंच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलला. आता पंगतही एक झाली पाहिजे.