यंत्राची आठवण, पण वही कुणाच्या हातात?



‘आता त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही, त्याच्या लक्षात राहतं.’ प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या एआय सहायकांबद्दलचं हे कौतुक सध्या आपल्या संस्थांमध्येही ऐकू येतं. समुपदेशन केंद्राची केस-नोंदवही संगणकावर आणायची, बचत गटांचा हिशेब लावायचा, तर पूर्वी एखाद्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागे. आता क्लॉड कोड, कर्सर, गिटहब कोपायलट अशा साधनांना साध्या भाषेत सांगून एखादी कार्यकर्ती हे काम करून घेऊ शकते. ही सोय खरी आहे, ती नाकारण्याचं कारण नाही. पण ‘लक्षात राहतं’ म्हणजे नेमकं काय? कुणी सांगितलेलं लक्षात राहतं? आणि ते पुसून टाकायचा अधिकार कुणाला?

ही आठवण म्हणजे काही जादू नव्हे. सहायकामागचं मूळ मॉडेल आपल्याशी बोलता बोलता बदलत नाही. तो फक्त टिपणं ठेवतो: इथे तारीख अशी लिहितात, हा रकाना सक्तीचा आहे, ही चूक मागच्या वेळी अशी दुरुस्त केली. ही टिपणं कधी आपल्याच फोल्डरमधल्या साध्या फाईलमध्ये असतात, कधी कंपनीच्या सर्व्हरवर. पुढच्या वेळी काम सुरू करताना ती पुन्हा वाचली जातात. थोडक्यात, ही एक वही आहे. आणि वहीचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, यासाठीच तर आपण वर्षानुवर्षं भांडत आलो.

समजा, फॉर्म बनवताना कुणीतरी ‘पतीचे नाव’ हा रकाना सक्तीचा केला. सहायकाने ते टिपून घेतलं. पुढचा प्रत्येक फॉर्म तसाच निघाला. मग परित्यक्ता येते, अविवाहित बाई येते, आणि रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. तिला उत्तर काय मिळतं? ‘सिस्टिम घेत नाही.’ १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक करण्याचा निर्णय महाराष्ट्रात झाला. एका रकान्यासाठी इतकी वर्षं गेली! यंत्राच्या वहीत जुना रकाना पुन्हा पक्का व्हायला एक दुपार पुरते.

‘यंत्राला कुठे बाई-पुरुष कळतं?’ असं म्हणणाऱ्यांना एक उदाहरण सांगा. नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी अ‍ॅमेझॉनने एक यंत्रणा तयार केली होती. आधीच्या १० वर्षांतल्या अर्जांवरून ती शिकली. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे. मग ‘महिला बुद्धिबळ क्लब’सारखा उल्लेख असलेल्या अर्जांना ती खाली ढकलू लागली. कंपनीने प्रकल्प गुंडाळला आणि २०१८ मध्ये ही गोष्ट जगासमोर आली. ती यंत्रणा वेगळ्या प्रकारची होती, पण धडा तोच. जे होतं त्यावरून शिकणारं यंत्र, जे होतं तेच चालू ठेवतं. त्याला कुणीतरी अडवावं लागतं.

याहून गंभीर प्रश्न आपल्याकडे येणाऱ्या बायांचा आहे. प्रोग्रॅम अडला की चूक दाखवायला खरी नोंदच सहायकासमोर ठेवण्याचा मोह होतो. त्यात नाव असतं, माहेरचा पत्ता असतो, मारहाणीची हकिगत असते. घर सोडून आलेल्या बाईचा पत्ता नवऱ्याला कळणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याने सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय केली ती उगीच नाही. न्यायालय दार बंद करणार आणि आपण मात्र तिची कहाणी परक्या सर्व्हरवर ठेवणार? तिने आपल्यावर विश्वास टाकला आहे, कंपनीवर नव्हे.

म्हणून प्रत्येक संस्थेने आजच काही गोष्टी ठरवाव्यात. एक, सहायकाला खरी केस कधीही दाखवायची नाही. चाचणीसाठी काल्पनिक नोंदी वापरायच्या. दोन, बचत गटाचा हिशेब बैठकीत वाचतो तशी ही टिपणंही दर महिन्याला मोठ्याने वाचायची, मराठीत समजावून घ्यायची आणि नको ते खोडायचं. तीन, आपली संभाषणं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरली जातात का, हे सेटिंगमध्ये पाहून ते बंद करायचं. चार, एखादी बाई ‘माझी नोंद काढून टाका’ म्हणाली, तर ती टिपणांतूनही काढायची. टिपणं वाचता किंवा पुसता येत नसतील, तर ते साधन आपल्या कामाचं नाही, मग ते कितीही हुशार असो.

‘हे तांत्रिक आहे, मुलांना विचारा’ असं म्हणून आपण बाजूला झालो, तर वही पुन्हा दुसऱ्याच्याच हातात जाईल. आपल्या केंद्रातल्या यंत्राने काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं, हे आपल्याच बैठकीत ठरलं पाहिजे!