‘एकटा कुठे जिंकलाय?’



बॅडमिंटनपटू चिराग शेट्टीने नाराजी बोलून दाखवली आणि तेव्हापासून सगळे त्यालाच शहाणपण शिकवायला निघाले आहेत. आधी ऑलिम्पिक पदक आण, क्रिकेटशी बरोबरी करू नकोस, हे तर चालूच आहे. परवा लोकलमध्ये दोन शिकलेसवरलेले गृहस्थ बोलत होते, ‘अहो, तो डबल्स खेळतो. एकटा कुठे जिंकलाय?’ हे वाक्य ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. मी स्वतः जिल्हा पातळीपर्यंत दुहेरी खेळलो आणि आज मुलांना शिकवतो, त्यामुळे ते जास्तच लागले.

क्रिकेटपटूंशी माझे भांडण नाही, चिरागचेही नाही. २०२४ मध्ये विधान भवनात रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जैस्वाल यांचा सत्कार झाला, विश्वविजेत्या संघाला राज्याने ११ कोटी जाहीर केले, त्याचा मलाही आनंदच आहे. चिरागने विचारले ते एवढेच, की २०२२ मध्ये थॉमस चषक जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा मी एकटा होतो, मग तेव्हा बक्षीस राहू द्या, साधा सत्कारही का झाला नाही? या प्रश्नाचे उत्तर कोणी देत नाही. त्याची लायकी मात्र सगळे काढत आहेत.

त्या वर्षी बँकॉकमध्ये काय झाले होते? उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाविरुद्ध पहिली एकेरी आपण हरलो, चिराग आणि त्याचा दुहेरीतला जोडीदार सात्त्विक यांनी बरोबरी साधली, लढत ३-२ ने जिंकली. उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध हुबेहूब तेच, पुन्हा ३-२. या जोडीचे दोन विजय वजा करा, म्हणजे अंतिम फेरीच उरत नाही. आणि १५ मे रोजी इंडोनेशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत मोहम्मद एहसान आणि केविन सुकामुल्जो समोर असताना पहिला गेम गेलेला, दुसऱ्यात चार मॅच पॉइंट वाचवले, तो २३-२१ घेतला आणि तिसरा २१-१९. एकेरीत लक्ष्य सेन, श्रीकांत आणि प्रणॉय यांनी केलेल्या कामाला मी जराही कमी लेखत नाही. पण १९४९ पासून चालत आलेली ही स्पर्धा आपण पहिल्यांदा जिंकलो, त्यात तिन्ही बाद लढतींत जिंकलेल्या खेळाडूला ‘एकटा कुठे जिंकलाय’ म्हणायचे?

आता पैशांचे बोलतो. २०२३ च्या जूनमध्ये या जोडीने इंडोनेशिया ओपन जिंकली. सुपर १००० दर्जाची स्पर्धा, बक्षिसांची एकूण रक्कम साडेबारा लाख डॉलर. जागतिक महासंघाच्या नियमाप्रमाणे एकेरीच्या विजेत्याला त्यातले ७ टक्के मिळतात आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के. हिशेब करा. एकेरीच्या विजेत्याला ८७,५०० डॉलर. दुहेरीच्या जोडीला ९२,५००, आणि ते दोघांत वाटायचे. माणशी ४६,२५०. तोच आठवडा, तेच कोर्ट, तेवढाच घाम, आणि हातात निम्म्याच्या आसपास! दुसऱ्या खेळाडूची किंमत जगाने ५,००० डॉलर ठरवली आहे. विमानाची तिकिटे मात्र दोन लागतात, दुखापती दोन शरीरांना होतात. ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनची पाच सुवर्णपदके असतात, त्यांतली तीन दुहेरीची. पाचातल्या तीन पदकांसाठी खेळणारा माणूस अर्ध्या मोलाचा कसा, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

महासंघ अर्धे देतो, म्हणून आपल्या राज्याने काहीच देऊ नये का? केंद्राने खेलरत्न दिला तो सात्त्विक आणि चिराग दोघांनाही, पूर्ण.

आपली स्मरणशक्तीही एकेरीपुरतीच आहे. सांगलीच्या नंदू नाटेकरांची सहा राष्ट्रीय एकेरी विजेतेपदे लोक सांगतात. त्यांनी पुरुष दुहेरी सहा वेळा आणि मिश्र दुहेरी पाच वेळा जिंकली, हे किती जणांना माहीत आहे? १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक जिंकले. त्यानंतर या प्रकारात आशियाई पदक आले ते थेट २०२३ मध्ये, हांगझोऊला, आणि ते सुवर्ण होते. ते आणणाऱ्या जोडीतला चिराग गोरेगावात प्रशिक्षक उदय पवारांकडे घडला आणि पुढच्या तयारीसाठी त्याला हैदराबाद गाठावे लागले. तान किम हर या मलेशियन प्रशिक्षकाने त्याची अमलापुरमच्या सात्त्विकशी जोडी लावली. ही जोडी जमवायची दृष्टी बाहेरून आलेल्या माणसाकडे होती, हे आपल्याला लागायला हवे.

ऑलिम्पिकचे टोमणे मारणाऱ्यांनी टोकियो आठवावे. तीन गटसामन्यांपैकी दोन या दोघांनी जिंकले. त्यात ज्या तैवानी जोडीला हरवले, तिनेच पुढे सुवर्ण नेले. तीन जोड्यांचे विजय सारखे झाले आणि गेमच्या फरकाने आपले दोघे बाहेर पडले. २०२४ मध्ये सात्त्विकचा खांदा दुखावला, तर एप्रिलमध्ये आशियाई अजिंक्यपद राखायला दोघांनाही जाता आले नाही. चिराग धडधाकट असून घरी. क्रमवारीही जोडीची असते, जोडी मोडली की पुन्हा खालून सुरुवात. इतकी जोखीम पत्करून कोणी दुहेरी निवडत असेल, तर त्याला जास्त आधार द्यायला हवा. माझ्याकडे येणारे पालक विचारतात, ‘सर, ह्याला दुहेरीत घालू का?’ ८७,५०० आणि ४६,२५० हे आकडे माहीत असताना मी त्यांना काय सांगू? हो म्हणतो, कारण मुलगा दुहेरीसाठीच जन्मल्यासारखा खेळतो. पण बापाच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

मुख्यमंत्र्यांना आणि क्रीडामंत्र्यांना विनंती आहे. थॉमस आणि उबर चषक ही सांघिक विश्वविजेतेपदे आहेत, हे बक्षिसांच्या शासन निर्णयात स्पष्ट लिहा. दुहेरीच्या प्रत्येक खेळाडूला पूर्ण रक्कम मिळेल, हेही लिहा. आणि चिरागचा राहिलेला सत्कार आणखी वाट न बघता करा. ऑलिम्पिक पदक आले की हार घेऊन सगळेच धावतील, देणे आहे ते २०२२ चे आहे.

जाता जाता आमच्या गावची एक गोष्ट. पालिकेच्या बॅडमिंटन हॉलमध्ये शनिवार-रविवारी साड्यांची प्रदर्शने आणि स्वागत समारंभ होतात. मॅटवर खुर्च्या ओढल्या जातात, सोमवारी मुले चिकट कोर्टवर घसरतात. एकेरीवाला दोघांत सराव करू शकतो. दुहेरीला चौघे लागतात, आणि शाळा-क्लास सांभाळून चौघांना जमणारी वेळ शनिवार दुपारचीच. तीच भाड्याने जाते. आम्ही अर्ज दिले, पोच मिळाली, उत्तर नाही. आता पाऊस आहे, बाहेर खेळता येत नाही. पालिकेने निदान सप्टेंबर संपेपर्यंत शनिवार दुपारची आरक्षणे बंद करावीत. त्या वेळेचे भाडे आम्ही पालक आणि प्रशिक्षक वर्गणी काढून भरायला तयार आहोत.

— एक माजी जिल्हास्तरीय दुहेरी खेळाडू, ठाणे जिल्हा