धर्म बदलायचा, तर परवानगी कोणाची?



मुलीच्या ॲडमिशनसाठी हिस्लॉप कॉलेजात गेलो होतो. रांगेत तिने विचारले, "बाबा, हे हिस्लॉप कोण?" तिला सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ साली नागपुरात आले. तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. कामठीला कंपनी सरकारची छावणी, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट. पण शहरात हुकूम राजाचा. हिस्लॉपसाहेबांनी १८४६ साली शाळा काढली. मुले नुसती शिकत होती, तोवर ठीक होते.

१८४८ च्या सुमारास बाबा पांडुरंग नावाच्या एका ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती होण्याचे ठरवले आणि तो मिशनच्या आश्रयाला गेला. रेसिडेंट स्वतः ख्रिस्ती, तेव्हा तो या मुलाला वाचवील, असे कोणालाही वाटेल. पण झाले उलटेच! राजाची प्रजा राजाला परत द्यावी, असा तहाचा अर्थ लावून त्याला राजाच्या हवाली केले गेले. तो कैदेत पडला. त्याने चोरी केली नव्हती, दंगा केला नव्हता. राजाला आपली प्रजा सोडायची नव्हती, कंपनीला तह मोडायचा नव्हता. त्या तरुणाचे मन दोघांच्याही हिशेबात नव्हते.

१८५४ साली कंपनीने भोसल्यांचे राज्य खालसा केले. त्यानंतर १०२ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. कोणालाही कैद झाली नाही. कारण तोवर घटनेचे २५ वे कलम आले होते. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य हा प्रत्येकाचा हक्क झाला होता.

पण निश्चिंत राहू नका. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की, हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायचे असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. मी कारकून आहे. अर्ज म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे. ज्याच्या हाती मंजुरी असते, त्याच्याच हाती नामंजुरीही असते. जे मागून मिळते त्याला हक्क म्हणत नाहीत.

म्हणून २५ वे कलम घरात मुलांना वाचून दाखवा. नुसते पाठ नको, अर्थ समजावून सांगा.

त्या दिवशी फॉर्ममध्ये धर्माचा रकाना आला. मुलीने पेन घेतले आणि 'बौद्ध' लिहिले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला बरे वाटले.